खंदक, धुळकोट आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून बोलण्यासाठी शाळेने मला पाचारण केले, हा मी माझा गौरव समजतो. विषय कळवला तेव्हा संयोजकांना आश्चर्य वाटले असावे. मराठीच्या प्राध्यापकाने संतकाव्यावर किंवा बखरींवर बोलावे, सैन्याच्या खंदकांवर काय बोलायचे? परंतु हा विषय मी निवडलेला नाही, तो गुरुजींनी मला दिलेला आहे. पाचवी-सहावीत असताना एका रविवारी त्यांनी आम्हा दहा-बारा मुलांना धारच्या पश्चिमेकडील धुळकोटावर नेले. हातात सुतळीचा गुंडा आणि एक जुनी फूटपट्टी. कोटाच्या माथ्यावर आम्हाला उभे करून त्यांनी विचारले, "ही एवढी माती आली कुठून?" आम्ही इकडेतिकडे पाहू लागलो. कोणी म्हणाले नदीतून, कोणी म्हणाले डोंगरावरून. गुरुजींनी काठीने खाली पायथ्याच्या सखल पाणथळ जागेकडे बोट केले आणि म्हणाले, "खड्डा आणि कोट ही जुळी भावंडे आहेत. एकाला पाहिले की दुसऱ्याला शोधावे."

आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचे सूत्र या एका वाक्यात आहे.

प्रथम शब्दांकडे वळतो, कारण तो माझा आयुष्यभराचा व्यवसाय. 'खंदक' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला. अरबीने तो जुन्या फारसीतून उचलला, आणि तेथे त्याचा अर्थ 'खणलेले' एवढाच आहे. त्या फारसी धातूचे आणि संस्कृतातील 'खन्' धातूचे मूळ एक, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपलाच एक दूरचा नातेवाईक वेश पालटून परत घरी आला! इस्लामच्या इतिहासात इ. स. ६२७ मध्ये मदीनेच्या रक्षणासाठी असा चर खणला गेला. ती कल्पना सलमान या इराणी अनुयायाने सुचवली अशी परंपरा आहे, आणि त्या लढाईलाच 'खंदकाची लढाई' हे नाव पडले.

दुसरा शब्द 'मोर्चा'. आज मोर्चा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे झेंडे, घोषणा आणि कचेरीवर जाणारे लोक उभे राहतात. परंतु बखरींत आणि जुन्या पत्रांत मोर्चा म्हणजे वेढा घालणाऱ्याने किंवा वेढ्यात सापडलेल्याने मातीच्या आडोशाने धरलेली, तोफा-बंदुका रोखलेली जागा. मोगली लेखनात 'मुरचाल' म्हणतात तो हाच. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रे 'मोर्चेबांधणी' हा शब्द रोज छापतात. तो लिहिणाऱ्याला आपण कुदळ-फावड्याचा शब्द वापरतो आहोत याची जाणीव क्वचितच असते. तिसरा शब्द 'बेलदार'. फारसीत 'बेल' म्हणजे फावडे. फौजेबरोबर फावडे घेऊन चालणारा तो बेलदार. इतिहासाने सरदारांची नावे जपली, बेलदारांची जपली नाहीत. परंतु ज्या मातीआड सरदार उभे राहिले, ती माती बेलदाराने उचललेली होती.

आता रचनेकडे येऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गविधानाचे जे प्रकरण आहे, त्यात नगराभोवती एका दंडाच्या अंतराने तीन परिखा खणाव्यात, त्या अनुक्रमे चौदा, बारा आणि दहा दंड रुंद असाव्यात, असे सांगितले आहे. दंड म्हणजे ढोबळमानाने सहा फूट. म्हणजे सर्वांत रुंद परिखा चौऱ्याऐंशी फुटांची झाली. त्या खणताना निघालेल्या मातीचाच वप्र, म्हणजे मातीचा कोट, परिखेपासून चार दंड आत उभारावा. तो सहा दंड उंच आणि त्याच्या दुप्पट रुंद असावा, हत्ती आणि बैल फिरवून तो तुडवून घट्ट करावा आणि वर काटेरी झुडुपे व विषारी वेली लावाव्यात. यात एक मोठे व्यवहारज्ञान आहे. माती दूर वाहून नेण्याचा खर्च नाही. एकाच श्रमातून दोन अडथळे उभे राहतात. खड्डा जितका खोल, तितका कोट उंच. शत्रूला चढावयाची उंची एका कष्टात दुपटीने वाढते.

आपले धार याच विचाराचे अपत्य आहे. परमारांच्या काळातील हे नगर वर्तुळाकार होते. त्याच्याभोवती मातीचा प्रचंड कोट आणि बाहेरून तळी व खंदक यांची माळ होती. दक्षिणेत वरंगळला असा वर्तुळाकार मातीचा कोट आहे, उत्तर हिंदुस्थानात मात्र हा प्रकार विरळाच. आजही पश्चिम आणि दक्षिण बाजूंना त्याचे अवशेष उभे आहेत. ईशान्येकडे मात्र घरांखाली कोटही गेला आणि खंदकही गेला. भोजराजाच्या नावावर असलेला 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ टी. गणपतिशास्त्री यांनी संपादित करून १९२४-२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून प्रसिद्ध केला. त्यात नगररचनेच्या विवेचनात परिखा, वप्र, प्राकार, अट्टालक यांचा विचार आहे. ज्या राजाच्या नावाने हा ग्रंथ आहे, त्याच्या राजधानीच्या वप्रावर आम्ही मुले पतंग उडवीत होतो. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

मातीच्या कोटाला आपण दगडी तटापेक्षा हलका समजतो. युद्धशास्त्राने याचा निकाल वेगळा दिला आहे. तोफेचा गोळा दगडावर आदळला की दगड फुटतो, त्याच्या कपच्या उडतात, आणि खिंडार पडले की कोसळलेल्या दगडांचीच शिडी होते. मातीत तो गोळा नुसता रुतून बसतो. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भरतपुरापुढे जनरल लेकने चार हल्ले केले आणि चारही वाया गेले. त्या वेळी आपल्या माळव्याचे यशवंतराव होळकर भरतपूरच्या जाटांच्या आश्रयाला होते. जाड मातीचा कोट आणि पाण्याने भरलेला खंदक या दोहोंनी इंग्रजांच्या विजयाची घोडदौड तेथे अडवली. १८२६ च्या जानेवारीत ते शहर पडले ते कोटाखाली मोठा सुरुंग उडवल्यानंतर. जमिनीवरून जे साधले नाही, ते जमिनीखालून साधले.

आता आपल्या धारच्या किल्ल्याची गोष्ट पाहा. उंचवट्यावरचा हा लाल दगडाचा किल्ला. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ च्या जानेवारीत याच किल्ल्यात झाला. आनंदीबाई तेव्हा पवारांच्या आश्रयाला होत्या. १८५७ साली धारच्या गादीवर आनंदराव पवार हे अल्पवयीन राजे होते. संस्थानच्या चाकरीतील अरब, मकरानी आदी शिपायांनी किल्ला ताब्यात घेतला. २२ ऑक्टोबर रोजी ब्रिगेडियर स्टुअर्टची फौज कर्नल ड्युरँडसह येऊन पोहोचली आणि वेढा पडला. तोफांनी काही दिवसांत दगडी तटाला खिंडार पाडले. ३१ ऑक्टोबरच्या रात्री इंग्रजांची तुकडी खिंडारातून आत शिरली तेव्हा किल्ला रिकामा होता. आतली माणसे अंधारात निसटून गेली होती. या एका प्रसंगातून दोन धडे मिळतात. दगडी तटाचा तोफेपुढे निभाव लागला नाही, हा पहिला. आणि वेढ्याची साखळी एका ठिकाणी सैल राहिली की सारी मोर्चेबंदी फुकट जाते, हा दुसरा. संस्थान खालसा झाले, ते १८६० मध्ये बैरसिया परगणा वगळून पवारांना परत मिळाले.

येथवर मी रक्षणाच्या खंदकाविषयी बोललो. परंतु खंदक हल्लेखोरालाही लागतो. १६६० साली शाहिस्तेखानाने चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला, आणि अखेर सुरुंगाने बुरूज उडाल्यावर कोट पडला. १७३९ मध्ये वसईपुढे चिमाजीअप्पांच्या सैन्यानेही मोर्चे आणि सुरुंग याच मार्गाने पोर्तुगीजांचा तट फोडला. तटाकडे सरळ रेषेत चर खणला, तर तटावरचा बंदुकधारी त्या चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोळी घालू शकतो. म्हणून चर नागमोडी, वाकडेतिकडे वळण घेत पुढे न्यावयाचा. फ्रान्सच्या व्होबाँ या अभियंत्याने १६७३ मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात याला शिस्त लावली. तटाला समांतर चर खणायचा, त्यातून नागमोडी चराने पुढे जायचे, मग पुन्हा समांतर चर, असे टप्प्याटप्प्याने तटाला भिडायचे. आपल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी तटाखाली सपाट मैदान येऊ देऊ नये, आलेच तर खोल खंदक आणि पडकोट करावा, असा इशारा दिला आहे तो याच भयापोटी.

मित्रहो, आता मी ज्या प्रसंगाकडे येतो, तो मराठी माणसाला सुखाने सांगता येत नाही. १७६० च्या ऑक्टोबरअखेर सदाशिवरावभाऊ पानिपतास येऊन राहिले. अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आडवा आला होता. भाऊंनी छावणीभोवती आणि पानिपत गावाभोवती खंदक खणवला. काशिराज पंडितांच्या वृत्तांतात त्याची रुंदी साठ फूट आणि खोली बारा फूट दिली आहे. आतल्या बाजूच्या कोटावर तोफा चढवल्या होत्या. गुरुजींनी आम्हाला पुढे मोठ्या वर्गात हेच गणित घातले होते. खंदकाच्या बाजू उताराच्या धरल्या आणि तळ छत्तीस फूट मानला, तर सरासरी रुंदी अठ्ठेचाळीस फूट येते. म्हणजे एक फूट लांबीला पाचशे शहात्तर घनफूट माती. एक बेलदार दिवसाला साठ घनफूट माती खणून वर टाकतो असे धरले, तर एका फुटाला जवळजवळ दहा माणसांचा दिवस लागतो आणि एका मैलाला पन्नास हजार. छावणीचा घेर काही मैलांचा होता. काशिराजाचे आकडे थोडे फुगवलेले मानले, तरी हे काम केवढे होते याचा अंदाज येतो. वर्गात उत्तर काढून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "या पन्नास हजारांना रोज भाकरी किती लागली, तेही काढा." आम्ही हसलो होतो. आज हसू येत नाही.

कारण पानिपतचा खंदक शत्रूने फोडला नाही. तोफांच्या आड असलेल्या त्या छावणीवर सरळ चालून जाणे अब्दालीने टाळले. त्याने आपल्या छावणीभोवती तोडलेल्या झाडांची कुंपणे घातली आणि मराठ्यांच्या रसदेच्या वाटा तोडल्या. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. खंदकाच्या आत लढवय्यांबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले होती. दाणा संपला, वैरण संपली, घोडी मेली. अखेर सरदारांनी भाऊंना सांगितले की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य स्वतःच्या खंदकाबाहेर पडले. त्या दिवशी जे पडले, त्यांत आपल्या धारचे यशवंतराव पवार होते. धारच्या पोराने पानिपत शिकताना हे नाव विसरता कामा नये. मातीच्या वर्तुळात वसलेल्या नगराचा धनी अशाच एका मातीच्या वर्तुळातून बाहेर पडून गेला.

खंदकाची ही दुसरी बाजू आहे. तो शत्रूला बाहेर ठेवतो, पण वाट राखली नाही तर आपल्याला आत ठेवतो. दीडशे वर्षांनी मराठी सैनिकांना हाच अनुभव टायग्रिसच्या काठी आला. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर ही फौज मागे हटून कूट-अल-अमारा या गावी आली. नदीच्या वळणात वसलेल्या त्या गावाच्या मोकळ्या बाजूस त्यांनी चरांच्या रांगा खणल्या. ७ डिसेंबरला वेढा पडला. तुर्कांचे हल्ले चरांनी परतवले, परंतु बाहेरून येणारी मदत वारंवार अडवली गेली. शिधा आटला. घोड्यांचे मांस खाण्यास अनेक हिंदी सैनिकांनी धर्मापायी दीर्घकाळ नकार दिला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली आणि त्यांतली कित्येक कैदेत मेली. पानिपत आणि कूट यांच्यात दीडशे वर्षे आणि हजारो मैल आहेत. पण दोन्ही ठिकाणी पराभवाचा उंबरठा चुलीपाशी होता.

त्याच महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे सातशे किलोमीटर चर खणले गेले. पुढचा चर, आधाराचा चर, राखीव चर अशा तीन ओळी, आणि त्यांना जोडणारे नागमोडी दळणवळणाचे चर. चरात उभे राहून गोळी झाडण्यासाठी पायरी, पुढे आणि मागे मातीचे बांध, तळाशी चिखलावर लाकडी फळ्या. दर काही पावलांवर चराला काटकोनात वळण दिलेले असे. बाँब एका खणात पडला तर शेजारचा खण वाचावा, आणि शत्रू एका टोकाशी शिरला तर त्याला सारा चर झोडपता येऊ नये, हा त्याचा हेतू. पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल येथे जबर हानी सोसली. खणण्यासाठी शिकलेल्या त्या माणसांना त्या दिवशी पायदळासारखे लढावे लागले. त्यांच्यासह फ्रान्समध्ये पडलेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक १९२७ पासून त्याच गावी उभे आहे.

हे सारे जुने झाले असे समजू नये. कारगिलच्या शिखरांवर १९९९ मध्ये जमीन खणता येत नव्हती, तेथे दगड रचून आडोसे केले होते. २०२२ पासून युक्रेनच्या मैदानांत पुन्हा मैलोगणती चर खणले गेले. मात्र आता डोळा आकाशात आहे. ड्रोन वरून पाहतो आणि वरूनच मारतो, म्हणून चराला छत आणि जाळी घालण्याची पाळी आली. शस्त्र बदलते तशी खंदकाची रचना बदलते. भीतीने मातीचा आश्रय घेण्याची माणसाची सवय मात्र बदलत नाही.

आता थोडे देवासविषयी. माझे आजोळ देवासचे. एकाच गावात दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांपासून निघालेल्या या शाखा १९४८ पर्यंत शेजारी शेजारी नांदल्या. सीमा गावातल्या रस्त्यावरून जाई. माझी आजी सांगे की भाजी घ्यायला रस्ता ओलांडला की माणूस परराज्यात जाई आणि कोथिंबीर घेऊन स्वराज्यात परते. लहानपणी मी तिला विचारले होते, "मग मध्ये खंदक का नाही खणला?" ती म्हणाली, "अरे, खंदक खणला असता तर लग्नाच्या वराती कुठून गेल्या असत्या?" मी पुढे पीएच. डी. केली, दुर्गरचनेवरचे ग्रंथ वाचले, पण सीमेविषयी यापेक्षा नेमके वाक्य मला कोठे आढळले नाही. कुरबुरी तेथेही होत्या, मानापमान होते. परंतु दोन भावांनी मातीऐवजी रिवाजाने सीमा राखली, आणि ती दोन शतके टिकली.

शेवटी मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. ती गुरुजी हयात असताना मी त्यांना सांगू शकलो नाही. ज्या वर्षी त्यांनी आम्हाला धुळकोटावर नेले, त्याच उन्हाळ्यात आमच्या घराची मागची भिंत पडली होती. वडिलांनी विटांसाठी माती आणवली ती कोटाची. कोटाची माती चिकट, चांगली मुरलेली, आणि फुकट. मी स्वतः घमेली उचलली. महिन्याभराने गुरुजींनी वहीत कोटाचा आडवा छेद काढावयास सांगितला, तेव्हा कोटाला पडलेला एक नवा खड्डा मी चित्रात दाखवला नाही. गुरुजींनी वही पाहिली. माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. त्यांना ठाऊक होते की नव्हते, हे मला आजतागायत कळलेले नाही. आमची ती भिंत अजून उभी आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी ज्या बेलदारांनी ती माती खंदकातून वर काढली, त्यांचे श्रम आमच्या न्हाणीघराच्या मागे उभे आहेत.

हे मी वडिलांना दोष देण्यासाठी सांगत नाही. गरजवंताला माती दिसते, इतिहास दिसत नाही. हा कोट असाच, एकेका गाडीने, वीटभट्ट्यांकडे आणि घरांकडे गेला आहे. त्यात शत्रू कोणी नव्हता. ज्या कोटाने फौजा पाहिल्या, तो घमेल्यांपुढे हरला.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडे मी मोठे काही मागत नाही. एका रविवारी सुतळीचा गुंडा घेऊन पश्चिमेच्या धुळकोटावर जा. जेवढा उरला आहे तेवढा मोजा. उंची, रुंदी, पायथ्याच्या खंदकाची खूण, सारे वहीत उतरवा. कोठे खड्डा पडला असेल तर तोही दाखवा, लपवू नका. दरवर्षी एक वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. पाच-दहा वर्षांनी त्या वह्या एकत्र पाहिल्या की कोट किती गेला हे कळेल, आणि कळले म्हणजे निदान कोणी तरी विचारील. पहिली वही मी आणली आहे. ती साठ वर्षांपूर्वीची माझीच वही आहे. त्यातल्या त्या छेदात जो खड्डा मी तेव्हा काढला नव्हता, तो काल रात्री पेन्सिलीने काढला आणि खाली तारीख घातली. ही वही मी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो.